उंबरठ्यावरची लाल बोटं

किसन सरांना खुर्चीत बसलेलं मी एकदाच पाहिलं, शाळेच्या ग्रुप फोटोच्या वेळी. त्या फोटोतही आम्ही सगळे जागच्या जागी आहोत आणि सरांचा तेवढा चेहरा पुसट आलाय, कारण नेमका त्याच वेळी मागे कुणाचा तरी फुगा फुटला आणि त्यांनी मान वळवली. स्टाफरूममध्ये त्यांच्या वाट्याची खुर्ची होती. तिच्यावर रिकाम्या बाटल्या, सुतळी, मेणबत्त्यांचे तुकडे, ज्वारीचे धांडे आणि एक फुटका आरसा असा संसार मांडलेला असे. चहा आला की कप घेऊन ते खिडकीशी जात, कप खिडकीत ठेवत आणि तिसरंच काहीतरी करायला निघून जात. इतका चहा गार करून टाकणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

आमची शाळा बेल्याच्या पुढे, पैनगंगेच्या अलीकडे, एका कापूसवाल्या गावात आहे. तेलंगणात असूनही मराठी माध्यमाची. मी आदिलाबादला राहते, मराठी शिकवते; रोज बस आणि पुढे ऑटो. रुजू झाले त्या दिवशी दुपारी डबा उघडून बसले होते, तर एक उंच, किडकिडीत, खडूने माखलेला माणूस दारातून थेट माझ्यापुढे येऊन उभा राहिला. नाव नाही, नमस्कार नाही.

"बाई, तुमच्या डब्यात लिंबाची फोड दिसून राह्यली. घेऊ काय?"

मी हो म्हणायच्या आत फोड गेली. थोड्याच वेळात शेजारच्या वर्गातून पोरांचा एकच कल्लोळ ऐकू आला. लिंबू आणि खायचा सोडा बाटलीत टाकून तोंडाला फुगा लावला होता, तो आपोआप फुगला म्हणून. मग तोच माणूस पुन्हा दारात आला, "मी किसन. विज्ञान," एवढं म्हणाला आणि गेला. मला भयंकर राग आला होता. पहिल्याच दिवशी वरण-भात लिंबाशिवाय जेवावा लागला. पण खरं सांगायचं तर जेवताना माझं लक्ष त्या फुग्याकडेच होतं.

शाळेत प्रयोगाचं सामान ठेवलेलं एक कपाट होतं. त्याची किल्ली कुठल्याशा बदलीत हरवली होती. मी नवीन होते, उत्साहात म्हटलं, कुलूप तोडून घेऊ. सर म्हणाले, "चाबी हरवली हे लय बरं झालं, बाई. चाबी असती तर मी पोट्ट्याईले कपाटातलंच दाखवत बसलो असतो." त्यांचं सगळं शास्त्र घरातून यायचं. मीठ, साबण, पेला, पळी, सुई, तवा. पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यावर पोस्टकार्ड ठेवून तो उलटा धरायचा आणि मुख्याध्यापकांच्या डोक्यावर नेऊन उभं राहायचं, हा त्यांचा आवडता उद्योग. त्यामुळे गावातल्या बायका वैतागलेल्या असत. एक बाई शाळेच्या फाटकाशी येऊन ओरडली होती, "सर, माह्या घरचा एक चमचा जाग्यावर नाई!" सर शांतपणे म्हणाले, "मावशी, संध्याकाळी येते ना घरी परत? नुसता नाई येत. शिकून येते." ती हसली, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक पळी गेली.

पण त्यांची खरी खोड वेगळीच होती. प्रयोग झाला, पोरांचे डोळे मोठे झाले, "काऊन, सर? काऊन?" असा गलका उठला की सर हातातला खडू ठेवत आणि म्हणत, "उत्तर उद्या. आता घरी जा, हाताले इचारा." आणि वर्गाबाहेर.

एकदा त्यांनी दोन ताटल्यांत पाणी घेतलं. एकीत शेतातून वेचून आणलेल्या कापसाचं बोंड टाकलं, दुसरीत मेडिकलमधून आणलेला कापूस. मेडिकलचा कापूस बघता बघता पाणी पिऊन बुडाला. शेतातला आपला तरंगतोच आहे. दाबला तरी वर येतो. ज्यांचे आई-बाप जन्मभर कापूस वेचतायत त्या पोरांनी हे कधी पाहिलं नव्हतं. मी दाराशी उभी होते. मीही पाहिलं नव्हतं. सर म्हणाले, "उत्तर उद्या," आणि माझ्या शेजारून निघून गेले.

बसमध्ये माझं डोकं त्याच्यातच. घरी आल्यावर मी उशीची शिवण उसवून कापूस काढला आणि वाटीत टाकला. आमचे हे बँकेतून आले, चपलाही न काढता बघत उभे राहिले. "काय चाललंय तुझं?" म्हटलं, "कापूस बुडवतेय." जेवताना मात्र त्यांनी विचारलं, "मग? बुडाला का?" दुसऱ्या दिवशी कळलं की कच्च्या कापसावर मेणासारखा पातळ थर असतो, आणि दवाखान्याचा कापूस उकळून, धुऊन तो थर काढलेला असतो. तेही सरांनी सांगितलं नाही. पोरांकडून धुण्याच्या सोड्यात कापूस उकळून घेतला आणि तो बुडताना दाखवला.

मी त्यांना म्हटलं होतं, "लगेच सांगत का नाही हो? पोरांना रात्रभर कशाला तळमळत ठेवता?"

"बाई, उत्तर भेटलं का पोट्टं झोपते. मले झोपलेलं पोट्टं नाई पायजे."

वाक्य छान होतं. मी ते माझ्या वर्गातही एकदा वापरलं. त्या वाक्याने काय होऊ शकतं, ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

एका गुरुवारी सरांनी सातवीच्या वर्गात हळद आणली होती. कागदावर ओली हळद फासून वाळवायची आणि घरातली एकेक वस्तू तिला लावून बघायची. सरांनी साबणाचा फेस लावला आणि पिवळा कागद लालभडक झाला. पोरं बाकांवर चढली. सर म्हणाले, "घरात आणखी काय काय लावलं का हळद लाल होते, शोधून आणा. काऊन होते, थे उद्या." शाळा सुटता सुटता मुख्याध्यापकांना फोन आला की किसन सरांना शुक्रवारपासून आदिलाबादला प्रशिक्षणाला पाठवा. सर गाडीला किक मारून गेले. त्यांचा उद्या सोमवारवर गेला.

आमच्या भागात तेलुगू शेजाराचं बघून मराठी घरांतही शुक्रवारी उंबरठ्याला हळद फासतात. सातवीतली सुमन त्या शुक्रवारी दिवेलागणीला घरात-अंगणात करत होती. तिचा हळदीचा कागद संपला होता. समोर उंबरठा पिवळाधमक. आजोबांची तंबाखूची पिशवी खुंटीला, पिशवीत चुन्याची डबी. तिने पाच बोटं चुन्यात बुडवली आणि उंबरठ्यावर ठेवली. बोटं लाल उमटली. तेवढ्यात आईने हाक मारली, विहिरीवरून घागर आणायला. पोरगी पळाली आणि विसरली.

सकाळी आजीने दार उघडलं तर उंबरठ्यावर रक्ताची पाच बोटं. आत पाळण्यातलं बाळ, सुमनचा भाऊ, रात्रभर तापाने फणफणलेला. आणि आदल्या संध्याकाळी विरजण मागायला भागाबाई येऊन गेली होती. जाताना तिने बाळाच्या गालाला हात लावला होता.

भागाबाई त्याच गल्लीच्या टोकाला एकटी राहते. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, दोन बकऱ्या आहेत. चालताना स्वतःशी पुटपुटते. ती बकऱ्यांशी बोलते हे मला माहीत होतं, कारण मी ऑटोतून उतरले की ती रस्त्यात भेटायची. पण मला माहीत असून उपयोग काय? शनिवारी मी गावात पोचले तोवर उंबरठ्याचा फोटो घरोघरच्या व्हॉट्सॅपवर फिरला होता आणि "भानामती" हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला होता. चारपाच तरुण भागाबाईच्या दारात उभे होते. तिच्या कौलांवर कुणीतरी दगड टाकला होता. नदीपलीकडच्या गावातून भगताला बोलावणं गेलं होतं. तो दुपारनंतर येणार, नाव काढणार, आणि मग जिचं नाव निघेल तिला गावाबाहेर काढायचं, असं ठरून गेलं होतं. नाव कुणाचं निघणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

सुमन शाळेत आली होती. पहिल्या तासाला ती माझ्या टेबलाशी आली, ओढणीत हात लपवून, आणि हुंदके देत म्हणाली, "बाई, थे बोटं माह्ये होय. घरी नोका सांगू. सरनं उत्तरच नाई सांगतलं ना."

मी तशीच उठले आणि सुमनच्या घरी गेले. पोरीचं नाव न घेता सांगितलं, हे रक्त नाही, हळदीवर चुना पडला की असं होतं. तिचा काका ओसरीवर बसला होता. म्हणाला, "बाई, तुमी पुस्तकातलं बोलता. आमी डोयानं पाह्यलं." मी बाहेर येऊन सरांना फोन लावला. जे मनात आलं ते बोलले. म्हटलं, तुमचं उद्या उद्या एका बाईच्या जिवावर उठलंय, ताबडतोब या. ते एवढंच म्हणाले, "निघालो."

तोवर मी भागाबाईच्या ओट्यावर जाऊन बसले. दुसरं काय करणार? मी बसले आहे म्हणून ती पोरं जरा मागे सरकली, पण गेली नाहीत. आत ती लुगड्याच्या धडप्यात काहीतरी बांधत होती. मला पाणीही विचारलं नाही आणि रडलीही नाही. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की मी उठत होते, भगत आला की सर आले म्हणून.

सर आधी आले. ते थेट सुमनच्या दारात गेले. मीही मागे धावले. गर्दी जमलीच होती. सर मोठ्याने म्हणाले, "हे माह्यं काम आहे. मी शिकवलं. ज्याले बोलायचं त्यानं मले बोला."

कुणीतरी म्हणालं, "म्हंजे तुमी पोट्ट्याईले भानामती शिकवून राह्यले काय?"

सरांनी खिशातून लिंबू काढलं. हल्ली त्यांच्या खिशात ते असायचंच. माझ्या मनात आलं, आता सुटलो. त्यांनी उंबरठ्यावरच्या एका लाल बोटावर लिंबू पिळलं, आणि लाल पुन्हा पिवळं झालं. वर्गात या प्रयोगाला टाळ्या पडल्या असत्या. इथे माणसं एकदम मागे सरली. लिंबाने उतरतं ते काय असतं, हे गावाला पक्कं माहीत होतं. भगत तरी दुसरं काय करतो? मागून एक म्हातारा म्हणाला, "पाहा! सरलेही येते ना थे!" सर बोलायला लागले, आम्ल आणि अल्कली आणि काय काय, पण त्यांचा आवाज त्या गलक्यात बुडून गेला. लिंबाचं साल हातात धरून ते उभे होते. त्या माणसाला काय करावं हे सुचलं नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला फार भीती वाटली.

मग त्यांची नजर सुमनच्या आजीवर गेली. जनाबाई. दाराच्या चौकटीला टेकून, पदर तोंडाशी धरून उभी होती.

"आजी," सर म्हणाले, "लगनाहून नवरा-नवरी दारात आले का तुमी ताटात लाल पाणी करता, ओवाळून टाकाले. थे कायचं करता?"

गर्दीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"कोन करते गावात थे पाणी?"

"मीच करतो," जनाबाई हळूच म्हणाली. "समद्याईच्या लगनात मीच करतो."

"कायचं?"

"हळद." ती थांबली. "अन् चुना."

सर म्हणाले, "करा. तुमीच करा. मी हात नाई लावत."

तिने आतून ताट आणलं. पाणी, चिमूटभर हळद, बोटभर चुना. रोज पोळी लाटावी इतक्या सवयीने तिने ते कालवलं आणि ताटातलं पाणी लालभडक झालं. जन्मभर तिने ते पाणी केलं होतं, गावाने जन्मभर ते पाहिलं होतं, सगळ्यांची दृष्ट त्याने उतरली होती. एक बाई पुढे येऊन ताटात बघत म्हणाली, "हाव ना वं. हेच तर होय." मग दुसरी आली.

जनाबाई वाकली. तिने आपला हात उंबरठ्यावरच्या बोटांशेजारी ठेवला. ती बोटं तिच्या बोटांपेक्षा कितीतरी बारीक होती. तिने मान वर करून घरात पाहिलं. सुमन माझ्या मागोमाग शाळेतून पळून आली होती आणि कणगीच्या आड उभी होती. म्हातारीने ओलं फडकं घेतलं आणि उंबरठा पुसून काढला. पोरीचं नाव तिने घेतलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. मुलाकडे वळून खेकसली, "पाहून काय राह्यला? लेकराले बेल्याच्या दवाखान्यात नेय आधी!"

भगताला फोन करून वाटेतूनच परत पाठवलं. बाळाचा ताप साधा होता, औषधाने उतरला. माणसं घरोघर गेली. भागाबाईकडे मात्र कुणी गेलं नाही. चूक झाली म्हणायला नाही, फुटलेलं कौल बदलून द्यायलाही नाही. सर गेले, तर तिने दार उघडलं नाही. कडीच्या आतून म्हणाली, "झोपली मी."

पुढे व्हायचं ते झालं. सरांविरुद्ध दरखास्त गेली की हे मास्तर पोरांना भलतंसलतं शिकवतात. साहेब आले, चहा प्यायले, पुस्तकाबाहेर जाऊ नका म्हणून सांगून गेले. सरांनी मान डोलावली. साहेबांचं त्यांनी काही मनावर घेतलं नाही, प्रयोग चालूच राहिले. पण आता घंटा व्हायच्या आत उत्तर सांगायचेच. एखाद्या दिवशी राहिलं तर गाडीवरून पोरांच्या मागे जाऊन, रस्त्यात थांबवून सांगायचे. हे चांगलंच होतं, असं मी स्वतःला बजावत होते. पण त्यांच्या वर्गातून "काऊन, सर? काऊन?" असा गलका उठायचा बंद झाला, आणि मला ते सहन होत नव्हतं. एकदा बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "बाई, मी हळद पोट्ट्याईच्या हाती देल्ली, गावाच्या डोक्यात काय आहे त्याचा इचार नाई केला. आता मले भेव वाटते."

येता-जाता ते भागाबाईच्या गल्लीतून जायचे. जवळचा रस्ता सोडून. तिने कौल बदलून घेतलं नाही म्हणून एका रविवारी स्वतः येऊन बसवून गेले. ती बकऱ्यांना पाला घालत राहिली.

उन्हाळ्यात बदल्या निघाल्या. सरांची नेरडीगोंड्याकडच्या शाळेत झाली. जायच्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "बाई, येता काय माह्यासंगं?" कुठे ते मला कळलं. भागाबाई दारातच होती, बकऱ्या सोडत. सर म्हणाले, "बाई, मी चाललो. माह्यामुळं तुमाले लय तरास झाला. माफ करजा."

तिने दोरी हाताला गुंडाळली. आमच्या दोघांकडे सरळ बघितलं. त्या शनिवारपासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"तुमचं काई नाई, सर. हळद लाल काऊन होते थे तुमी गावाले सांगतलं, बरं केलं. पण लाल बोटं पाहून समद्याईच्या तोंडात माह्यंच नाव काऊन आलं? थे नाई सांगतलं कोनी."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ती थांबली नाही. बकऱ्यांना हाकारत नाल्याकडे निघून गेली.

सर आता तिकडे शिकवतात. अधूनमधून फोन येतो. शाळेचं, पोरांचं नंतर. आधी विचारतात, भागाबाई कशी आहे? मी सांगते, बरी आहे, बकरी व्याली, तिच्याशी आता लोक बोलतात. ते खोटं नाही. गेल्या आठवड्यात फोन आला तेव्हा त्यांनी जरा नेटाने विचारलं, "बोलावते काय तिले कोनी?" तिच्या गल्लीत नुकतंच बारसं झालं होतं. जेवणाचं बोलावणं दारोदार गेलं, मला शाळेत येऊन दिलं. तिच्या दारावरून मात्र ते तिला न सांगताच पुढे गेलं.

मी तसं सांगितलं. "काऊन, बाई?" त्यांनी विचारलं. पलीकडून वर्गातल्या पोरांचा गोंगाट ऐकू येत होता.